खोक्यावर सीटीसी, हातात इन-हँड!

खोक्यावर छापलंय सेकंदाला १०५० एमबी. स्क्रीनवर दिसतायत ३५. मधले हजार गेले कुठे? दादाच्या फ्लाइटच्या संध्याकाळी लागलेला हा शोध. तुमच्या बॅगेत एक्स्टर्नल ड्राइव्ह असेल, तर तुमच्याही कामाचा.

शनिवारची संध्याकाळ, सहा वाजून वीस मिनिटं. गणपतीला आलेला दादा त्या रात्री जर्मनीला परत निघणार होता. पुण्याहून मुंबई एअरपोर्टची कॅब बरोबर आठला दारात येणार होती. आईचा डब्यांचा कारखाना जोरात, वहिनी वजनकाट्यावर बॅगा चढवतेय, बाबा पासपोर्ट तिसऱ्यांदा चेक करतायत. माझ्याकडे एकच काम होतं. घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं दादाच्या नव्या ड्राइव्हवर कॉपी करायचं.

सगळं म्हणजे किती? ४०० जीबी. त्यात दादाच्या लग्नाचं शूटिंग २८० जीबी, घरचे फोटो ९० जीबी, बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप २८ जीबी. आणि त्याच बॅकअपच्या पोटात कुठेतरी आजीची ४१ रेकॉर्डिंग्ज, सगळी मिळून पावणेदोन जीबी. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मी मोबाइल समोर ठेवून आजीला बोलतं केलं होतं. तिचं माहेर, तिची शाळा, अनारशाचं पीठ का बिघडतं, आजोबा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा काय झालं, असं सगळं. आजी जाऊन आता दोन वर्षं झाली. दादा म्हणाला होता, "बाकी काही राहिलं तरी चालेल गं, पण आजी मला हवी."

मी अकाउंट्सवाली. आकडेमोड माझ्या हातचा मळ. ड्राइव्ह त्याच आठवड्यात तापकीर गल्लीतून आणलेला. छोटा, काळा, एकदम स्टायलिश एसएसडी, खोक्यावर ठळक अक्षरात '१०५० एमबी प्रति सेकंद'. चारशे जीबी भागिले १०५०, म्हणजे साधारण साडेसहा मिनिटं. चहा प्यायला वेळ आहे, बॉस! मी सगळं सिलेक्ट केलं, कॉपी मारली, पेस्ट केलं आणि किचनमध्ये गेले.

परत आले तर स्क्रीनवर लिहिलेलं, तीन तास दहा मिनिटं बाकी. स्पीड ३५ एमबी प्रति सेकंद. डोक्याला शॉट!

फोन अ फ्रेंड

अशा वेळी प्रत्येकाकडे एक माणूस असतो. माझा आमच्या ऑफिसच्या आयटी सपोर्टमध्ये बसतो. दिवसभर लोकांचे प्रिंटर सुरू करून देतो आणि वर ऐकूनही घेतो. मी तावातावाने सुरुवात केली, "शुद्ध फसवणूक आहे रे! हजार लिहितात आणि पस्तीस देतात!"

तो शांतपणे म्हणाला, "केबल कुठली लावलीयस?"

"टाइप-सी. फोनची."

"चार्जिंगची? झालं मग. ड्राइव्हसोबत आलेली कुठेय?"

ती होती खोक्यात. आणि खोकं आईने आवराआवरीत माळ्यावर टाकलेलं.

त्याने मग एक प्रश्न विचारला, जो मी स्वतःला आधीच विचारायला हवा होता. "यातलं परत कधीच मिळणार नाही असं काय आहे?" मी म्हटलं, आजीची रेकॉर्डिंग्ज. "त्याची दुसरी कॉपी?" नाही. सहा वर्षं जुन्या एकाच हार्ड डिस्कवर होती ती. हे बोलताना माझ्याच पोटात गोळा आला. "मग कॉपी थांबव. आधी ती उचल, मग फोटो, मग लग्न. लग्नाच्या शूटिंगची कॉपी वहिनीच्या माहेरी असेलच ना?" होतीच.

माळा उपसून, केबल सापडवून मी पुन्हा बसले तेव्हा सात वाजले होते. एकच तास हातात. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी ते हजार एमबी कुठे गेले याचा हिशोब मांडू. कारण नंतरचे दोन आठवडे मी हाच उद्योग केला. मित्राला कटिंग पाजून प्रश्न विचारले, घरातल्या सगळ्या केबली आणि ड्राइव्ह घड्याळ लावून तपासले. आणि फंडा एकदम क्लिअर झाला. आपल्याला तो रोजच्या आयुष्यातून चांगलाच माहीत आहे.

खोक्यावरचा आकडा म्हणजे सीटीसी. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे इन-हँड. ऑफर लेटर खोटं नसतं. पण पीएफ, टीडीएस, प्रोफेशनल टॅक्स सगळं कापून जे खात्यात पडतं, त्यावरच घरभाडं भरावं लागतं. आणि खोक्यावर त्या आकड्याआधी बारीक अक्षरात एक शब्दही असतो, 'अपटू'. सेलच्या पाटीवर असतो ना, तोच.

पहिली कपात: बिट आणि बाइट

यूएसबीचा वेग मोजतात बिटमध्ये आणि आपल्या फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. इंग्रजीत लिहिताना छोटा 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट. एका अक्षराच्या उंचीत आठ पटींचा फरक! तुमचं १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. म्हणूनच 'क्लाउडवर टाक ना' हा सल्ला त्या संध्याकाळी कुचकामी होता. अपलोडचा तेवढा स्पीड पूर्णवेळ मिळाला असता, तरी ४०० जीबी चढवायला नऊ तास लागले असते.

आता खोक्यांवर सगळ्यात जास्त दिसणारा आकडा बघू, ५ जीबीपीएस. आठाने भागलं की सेकंदाला ६२५ एमबी. पण या पद्धतीत दर ८ बिट माहिती पाठवायला तारेवर १० बिट जातात. पलीकडच्याला सिग्नल नीट वाचता यावा म्हणून दोन बिट जास्तीचे. काचेची बरणी कुरिअर करताना खोक्यात कागद कोंबतो तसं. राहिले ५००. त्यातही दोन्ही बाजूंचा 'पाठवू का', 'पाठव', 'मिळालं', 'पुढचं दे' असा संवाद चालू असतो, त्याची जागा वजा केली की प्रत्यक्षात हाती येतात चारशे ते साडेचारशे. तेही समोरचा ड्राइव्ह तेवढा वेगवान असेल तर.

१० जीबीपीएसमध्ये ही पॅकिंगची उधळपट्टी बरीच कमी केली आहे. तिथे १२८ बिटांमागे फक्त चार जास्तीचे लागतात. म्हणून तिथे हजारभर एमबी खरोखर मिळू शकतात. थोडक्यात, माझ्या खोक्यावरचे १०५० ही निव्वळ थाप नव्हती. फक्त माझ्या घरात तो आकडा येणं शक्य नव्हतं.

नावात काय आहे? गोंधळ!

यूएसबी पहिल्यांदा आली १९९६ मध्ये, तेव्हा तिचा वेग होता १२ एमबीपीएस. २००० साली यूएसबी २.० आली, ४८० एमबीपीएस. भागाकार केला तर ६० एमबी, प्रत्यक्षात तीस ते चाळीस. माझे ३५ आठवले? २००८ मध्ये आली यूएसबी ३.०, ५ जीबीपीएस. इथवर सगळं सरळ होतं.

मग २०१३ मध्ये १० जीबीपीएसची ३.१ आली आणि जुन्या ३.०चं बारसं पुन्हा झालं, '३.१ जेन १'. २०१७ मध्ये ३.२ आली, २० जीबीपीएसची. आणि त्याच बिचाऱ्या ३.०ला तिसरं नाव मिळालं, '३.२ जेन १'. म्हणजे खोक्यावर 'यूएसबी ३.२' एवढंच लिहिलं असेल, तर आतला माल ५चा, १०चा की २०चा, हे कळायला मार्ग नाही. डेझिग्नेशन बदललं, इन्क्रिमेंट शून्य! शेवटी २०२२ मध्ये यूएसबीची नियम ठरवणाऱ्या संस्थेनेच सांगितलं की ग्राहकांसमोर आता सरळ वेगच लिहा, 'यूएसबी ५ जीबीपीएस', 'यूएसबी १० जीबीपीएस' असा. म्हणून दुकानात गेलात तर ३.१, ३.२च्या भानगडीत न पडता जीबीपीएसचा आकडा विचारा.

आणि हो, दोन्ही बाजू तेवढ्या तयारीच्या लागतात. माझा लॅपटॉप चार वर्षं जुना, त्याचं पोर्ट ५ जीबीपीएसचं. म्हणजे १०५०चा ड्राइव्ह त्याला लावला तरी चारशेच्या आसपासच गाडी थांबणार. २० जीबीपीएसवाल्या, '२००० एमबी'चा दावा करणाऱ्या ड्राइव्हची तर आणखी मजा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोयच नसते. मग तो गपगुमान १० जीबीपीएसवर उतरतो आणि हजारभर देतो. तुम्ही पैसे मात्र दोन हजारांच्या स्पीडचे भरलेले असतात.

टाइप-सी म्हणजे फास्ट?

माझा सगळ्यात मोठा गैरसमज हाच होता. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे, वेगाची हमी नाही. चार्जिंगच्या बहुतेक टाइप-सी केबलींमध्ये यूएसबी २.०पुरत्याच तारा असतात. त्यांचं मुख्य काम करंट वाहून नेणं. डेटा जातो, पण गल्लीबोळातून. भारी फोनही याला अपवाद नाहीत. २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीवर आला, तेव्हा त्याच्या प्रो मॉडेलमध्ये १० जीबीपीएसची सोय होती, पण खोक्यात दिलेली केबल यूएसबी २.०च्या वेगाचीच होती.

बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणी. म्हणून मी आता ड्राइव्हच्या केबलीला लाल रबर गुंडाळून ठेवते. आई हसते, हसू दे.

यूएसबी हबचाही तोच प्रकार. एका पोर्टाला हब लावून त्यात दोन ड्राइव्ह, माउस, कीबोर्ड सगळं कोंबलं, की ते सगळे एकाच रस्त्याने जाणार. आणि हब जुना २.०चा असेल तर विषयच संपला.

तबकडीची मजबुरी

आता त्या संध्याकाळचा दुसरा गुन्हेगार. केबल बदलल्यावर मला वाटलं, चला, आता चारशेचा स्पीड! मिळाले ११०. कारण माल येत होता जुन्या हार्ड डिस्कवरून, आणि तिच्या पोटात खरोखरची फिरती तबकडी असते. अशा छोट्या पोर्टेबल डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते. तिचा धडधाकट वेग सेकंदाला शंभर ते एकशेतीस-चाळीस एमबी. तिच्या खोक्यावर '५ जीबीपीएस' लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण तो तारेचा वेग. सहापदरी एक्स्प्रेसवेवर स्कूटर चालवली म्हणून ती कार होत नाही ना!

त्यात तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त, आत केंद्राकडे कमी. एका फेरीत बाहेरच्या मोठ्या वर्तुळावरून जास्त माहिती वाचून होते, आतल्या छोट्या वर्तुळावरून कमी. डिस्क साधारणपणे बाहेरून आत भरत जाते. म्हणून नवीकोरी असताना पळणारी डिस्क भरत आली की निम्म्या वेगावर येऊ शकते. बिघडलेली नसते, फक्त आत गेलेली असते.

आजकालच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये आणखी एक गोम असते. जास्त माल मावावा म्हणून माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, कोकणातल्या घराच्या कौलांसारख्या. वाचायला काही अडचण नाही. पण खालचं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलून पुन्हा बसवावी लागतात. म्हणून भरलेल्या डिस्कवर काही खोडून नवं लिहायला गेलं, की सुरुवातीला झकास चालतं आणि मग एकदम दहा-वीस एमबीवर लोळण. डिस्क आतल्या आत कौलं शाकारत बसलेली असते.

एसएसडीही दमतो

नवा ड्राइव्ह मी नंतर निवांत तपासला. लॅपटॉपच्या आतून थेट त्यावर मोठ्या फाइली टाकल्या. आधी चारशे, चारशे, चारशे. मग बराच माल गेल्यावर आकडा धपकन खाली.

घर बदलताना काय होतं आठवा. टेम्पोतलं सामान आपण भसाभसा हॉलमध्ये टाकतो. अर्ध्या तासात टेम्पो रिकामा! पण हॉल भरला, की आता एकेक वस्तू कपाटात नीट लावल्याशिवाय पुढचं खोकं आत येत नाही. एसएसडीमध्येही असा एक हॉल असतो. त्यातल्या एकेका पेशीत तीन किंवा चार बिट दाबून बसवता येतात, पण त्याला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह सुरुवातीला काही जागेत पेशीमागे एकच बिट पटापट लिहितो. खोक्यावरचा लिहिण्याचा स्पीड हा असा रिकाम्या हॉलचा असतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितका हॉल बहुधा लहान. वर, गरम झाला की स्वतःला वाचवण्यासाठी तो मुद्दाम वेग कमी करतो. तेव्हा मे महिन्यात गच्चीच्या खोलीत, उशीखाली ठेवून कॉपी करू नका.

पेनड्राइव्हची कथा तर अजून करुण. खोक्यावर बहुतेक वेळा वाचण्याचाच स्पीड छापतात. लिहिण्याचा विचारूच नका. स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर तो दहा-वीस एमबी निघाला तर नवल नाही.

शंभर पाहुणे, शंभर रिक्षा

आणि आता सगळ्यात छुपा रुस्तम. बाबांच्या बॅकअपमध्ये दीड लाख बारक्या फाइली होत्या. जुन्या ईमेल, बँकेची स्टेटमेंट, कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरचे तुकडे. मी नंतर ते फोल्डर कॉपी करायला घेतलं तर वेग ४ एमबी! अठ्ठावीस जीबीला जवळजवळ दोन तास. त्याच जोडीवर २८ जीबीची एकच फाइल सव्वाचार मिनिटांत गेली असती.

लग्नाला शंभर पाहुणे एका बसने आणले तर एकच भाडं, एकच ड्रायव्हर, एकदाच पत्ता. तेच शंभर पाहुणे शंभर रिक्षांनी आणले तर शंभर वेळा "मीटरने येणार का?" आणि पुण्यात याचं उत्तर काय मिळतं हे मी सांगायला नको. प्रत्येक फाइलमागे कॉम्प्युटर जुन्या जागी फाइल शोधतो, उघडतो, नव्या जागी नाव नोंदवतो, माल टाकतो, बंद करतो. अँटिव्हायरस मध्येच येऊन प्रत्येकीची झडती घेतो. त्यात माल तबकडीवरून येत असेल तर प्रत्येक फाइलसाठी तिची सुई इकडून तिकडे धावणार आणि बरोबर जागा खाली फिरून येईपर्यंत वाट बघणार. ५४००च्या तबकडीला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही. दीड लाखाने गुणा!

यात एक उप-मुद्दा. जुन्या पद्धतीचे यूएसबी ड्राइव्ह एका वेळी एकच हुकूम घेतात. वाण्याच्या दुकानात "एक किलो साखर द्या", ती बांधून झाली की "आता अर्धा किलो रवा". यूएएसपी नावाची नवी पद्धत असलेल्या ड्राइव्हला एकदम यादी देता येते, तो सोयीने सामान काढतो. बारक्या फाइली फार असतील, तर विकत घेताना हे नाव जरूर बघा.

तर, त्या संध्याकाळी...

सात वाजले होते. बरोबर केबल लागली होती. बाबांच्या बॅकअपमध्ये शिरून आजीचं फोल्डर शोधलं. एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज, एकेक साधारण पाऊण तासाचं. कॉपी, पेस्ट.

सोळा सेकंद.

मी बघतच राहिले. तीन तास दहा मिनिटांच्या आकड्याने घाम फोडला होता आणि ज्याच्यासाठी जीव खालीवर होत होता, ते सोळा सेकंदांचं काम निघालं. एकशेदहाच्या स्पीडने! १०५० तर लांबच राहिले. मी मघाशी सगळं एकदम सिलेक्ट केलं होतं, तेव्हा बाबांचं फोल्डर यादीत शेवटी होतं. तशीच कॉपी चालू ठेवली असती, तर आठ वाजता कॅब आली तेव्हा लग्नाचं शूटिंगच अर्धवट असतं आणि आजी घरीच राहिली असती.

मग फोटो लावले. तीस हजार फाइली, अर्धा तास. साडेसातला लग्न लावलं, म्हणजे शूटिंग हो! आठच्या ठोक्याला कॅबवाल्याचा फोन. दादा दारात उभा राहून विचारतोय, "किती झालं गं?" मी म्हटलं, "सप्तपदीपर्यंत पोचलंय. रिसेप्शन राहिलं."

वहिनी म्हणाली, "राहू दे. रिसेप्शनला तसंही सगळ्यांनी माझी साडीच बघितली."

बाबांचा बॅकअप मी हातही न लावता सोडून दिला. ड्राइव्ह मात्र घाईत ओढून काढला नाही. 'सेफली रिमूव्ह' केलं, हिरवा कंदील मिळाला, मगच केबल काढली. कारण कॉम्प्युटर काही वेळा फाइली आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि मागाहून ड्राइव्हवर उतरवतो. स्क्रीनवरची पट्टी भरलेली दिसते, माल अजून वाटेतच असतो.

रात्री दीडला दादाचा मेसेज आला. एअरपोर्टवर लॅपटॉप उघडून, कानात इअरफोन घालून बसला होता. "सत्तावीस नंबर ऐकतोय. तांदूळ तीन दिवस भिजवायचे होते म्हणे. मागच्या दिवाळीला आपण एकच दिवस भिजवले."

खोक्यावरच्या आकड्यावर मी आता चिडत नाही. सीटीसीवर चिडून काय होणार? इन-हँड किती ते बघायचं आणि त्यावर महिना बसवायचा. फक्त एक गोष्ट बदलली. दुसऱ्याच दिवशी आजीच्या रेकॉर्डिंगची तिसरी कॉपी केली आणि ती मावशीकडे कोल्हापूरला ठेवली. तो पेनड्राइव्ह भलताच स्लो होता. दोन मिनिटं लागली!

चौकट: कॉपी मारण्याआधी

• साखळी बघा. जिथून माल निघतो तो ड्राइव्ह, पोर्ट, केबल किंवा हब, जिथे माल जातो तो ड्राइव्ह. यातली सगळ्यात अरुंद कडी तुमचा स्पीड ठरवते. बाकीच्या कड्यांवर पैसे घालून उपयोग नाही.

• अंदाज खोक्यावरून नको. चार-पाच जीबीची एकच फाइल कॉपी करून घड्याळ लावा. पण एवढ्याने एसएसडीचा 'हॉल' भरत नाही, तेव्हा मोठ्या कामाला वेळ थोडा जास्तच धरा.

• साधारण काय मिळतं? यूएसबी २.० केबलवर काहीही लावा, तीस ते चाळीस एमबी. पोर्टेबल हार्ड डिस्क शंभर ते एकशेचाळीस. ५ जीबीपीएसवर चांगला एसएसडी चारशेच्या पुढेमागे. १० जीबीपीएसवर हजारच्या आसपास, तोही दोन्ही टोकं १०ची असतील तर.

• केबल ओळखून ठेवा. ड्राइव्हची केबल ड्राइव्हलाच. रबर लावा, टेप लावा, काहीही करा.

• बारक्या फाइलींचं आधीच गाठोडं बांधा. निवांत वेळी त्यांची एक झिप करून ठेवा. निघायच्या वेळी करायला गेलात तर फायदा नाही, कारण झिप करायलाही त्या सगळ्या वाचाव्याच लागतात.

• १ टीबीचे ९३१ दिसले तर भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४च्या. माल तेवढाच आहे.

• परत न मिळणारं आधी. आणि त्याची दुसरी कॉपी आजच, कॅब दारात यायच्या आधी.